चालत्या गाडीच्या समोरच्या काचेवर बर्फ धरू नये म्हणून तुम्ही काय करता?

वाटसरू_पुणे
आम्ही गेल्या जुलैमध्ये पुण्याहून मिनिआपोलिसला आलो आणि हा आमचा इथला पहिलाच हिवाळा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरचा बर्फ कसा काढायचा, स्क्रेपर कसा धरायचा, हे सगळे शेजाऱ्यांनी मायेने शिकवले. माझा प्रश्न मात्र गाडी महामार्गावर धावत असतानाचा आहे.

मागच्या शनिवारी आम्ही आय-९४ महामार्गाने मॅडिसनला बहिणीकडे निघालो होतो. ओ क्लेअर ओलांडल्यावर पिठासारखा कोरडा बर्फ पडू लागला. गाडीतील तापमापक १२ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ११ अंश सेल्सिअस दाखवत होता. मी समोरच्या काचेवर गरम हवा सोडणारा डिफ्रॉस्टर पूर्ण गरम केला आणि पंखाही पूर्ण वेगात ठेवला. तरीही वीस मिनिटांत वायपरच्या पात्यांवर बर्फाच्या गाठी धरल्या, पाती काचेवरून उचलली गेली आणि प्रत्येक फेऱ्यागणिक काचेवर पाण्याचा एक पट्टा उमटून गोठू लागला. वॉशरचे पाणी उडवले तेव्हा दोन क्षण काच स्वच्छ झाली आणि लगेच दुधी काचेसारखी पांढरी पडली. शेवटी जेमतेम वीतभर जागेतून मला रस्ता दिसत होता. मागे पत्नी आणि चार वर्षांची मुलगी बसली होती. पुढचा एक्झिट येईपर्यंतची ती सहा मैलांची वाट मी विसरू शकत नाही.

हीटर पूर्ण चालू असताना काचेवर बर्फ धरलाच कसा, आणि अशा वेळी नेमके काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ओंटारिओकर
सर्वजण सुखरूप आहात, हे वाचून बरे वाटले. मी ४०१ महामार्गावर बावीस हिवाळे गाडी चालवली आहे आणि माझा नियम एकच आहे: काच गरम असलीच पाहिजे. निघण्याआधी इंजिन किमान दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून काच आतून नीट तापू द्यावी. डिफ्रॉस्टरला उष्णता इंजिनाच्या कूलंटमधून, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवातून मिळते, त्यामुळे इंजिन थंड असताना पंखा कितीही वेगात फिरवला तरी काचेवर थंड हवाच येते. तुम्ही हीटर उशिरा चालू केला असावा, असा माझा अंदाज आहे.

हिमरेषा
ओंटारिओकर यांच्या अनुभवाचा मी आदर करते, परंतु या प्रसंगापुरती मी त्यांच्याशी असहमत आहे. मी एडमंटनला राहते आणि माझ्या मते वाटसरू यांच्या काचेवरचा बर्फ त्यांच्या हीटरनेच तयार केला.

उणे ११ अंशांना पडणारा बर्फ कोरडा असतो. काचही तितकीच थंड असेल तर तो तिला चिकटत नाही आणि वाऱ्याच्या झोताबरोबर छपरावरून मागे निघून जातो. आपण काच आतून तापवली की तिची बाहेरची बाजू शून्याच्या वर जाते आणि तोच कण तिच्यावर वितळतो. हे पाणी वायपर कडेला लोटतो. मात्र वायपरचे पाते आणि त्याचा दांडा बाहेरच्या हवेत असल्याने ते उणे ११ अंशांनाच असतात. पाणी त्यांच्यावर गोठते, रबर ताठ होते, सांध्यांमध्ये गाठी धरतात आणि पाते काचेला नीट टेकेनासे होते. मग ते पाणी पुसत नाही, नुसते फासते.

म्हणून आमच्याकडे थंडी कडक आणि बर्फ कोरडा असेल तर अनेक जण काच मुद्दाम थंड ठेवतात. बाहेरची ताजी हवा काचेवर सोडायची, पण तापमानाचे बटण थंडकडे न्यायचे आणि वायपर बंद ठेवायचे. गरम हवा फक्त पायांकडे सोडायची, आणि गाडीत तशी सोय नसेल तर अंगावर जाड कोट ठेवायचा. थंड हवेत बाष्प अत्यल्प असते, त्यामुळे आतून धुके धरत नाही. निघण्याआधी काच आणि बॉनेट दोन्ही पूर्ण झाडून कोरडी करणे मात्र अत्यावश्यक आहे.

शिवार
हिमरेषा यांना अनुमोदन. विनिपेगमध्ये पहिल्याच हिवाळ्यात एका टॅक्सीचालकाने मला हेच शिकवले होते.

सरोवरकाठ
दोघांचेही बरोबर आहे, कारण दोघांचा बर्फ वेगळा आहे. मी बफेलोत राहतो. ईरी सरोवर गोठण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, त्याच्यावरून येणारा बर्फ पुष्कळदा ओला आणि जड असतो आणि तापमान शून्याच्या आसपास रेंगाळत असते. हा बर्फ थंड काचेलाही चिकटतो. तिथे हिमरेषा यांची रीत वापरली तर पाच मिनिटांत समोरचे दिसेनासे होईल. तेव्हा ओंटारिओकर म्हणतात तशी काच निघण्यापूर्वीच तापलेली हवी आणि ती शेवटपर्यंत तापलेली राहायला हवी. अशा वेळी मी दोन्ही सन-व्हायझर खाली करतो. वर जाणारी गरम हवा त्यामुळे काचेजवळ थोडी अधिक वेळ थांबते आणि वरचा भागही मोकळा राहतो.

माझा ठोकताळा असा आहे. हातमोज्यातला बर्फ दाबून त्याचा गोळा होत असेल तर काच गरम ठेवावी, आणि तो पिठासारखा उडून जात असेल तर थंड ठेवावी.

रसायनी
वॉशरचे पाणी उडवताच काच पांढरी पडली, या गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही, म्हणून लिहितो.

उत्तर अमेरिकेत मिळणारे हिवाळी वॉशर फ्लुइड म्हणजे मुख्यतः पाणी आणि मिथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल). बाटलीवर उणे २० लिहिलेले असेल तर अमेरिकेत ते फॅरनहाइट असते, म्हणजे सुमारे उणे २९ सेल्सिअस. उणे ४० हा आकडा दोन्ही मापांत एकच असल्याने तिथे गोंधळ होत नाही. परंतु हा आकडा बाटलीतील द्रवाचा आहे, काचेवर पसरलेल्या पातळ थराचा नाही. मिथेनॉल पाण्यापेक्षा फार लवकर उडून जाते. उडताना ते काचेची उष्णता घेऊन जाते आणि मागे जवळजवळ नुसते पाणी उरते. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्यात हे काही क्षणांत घडते. म्हणून ज्या तापमानात गाडी चालवायची, त्याच्यापेक्षा बरेच खालचे मानांकन असलेला द्रव घ्यावा आणि थंड काचेवर तो शक्यतो उडवूच नये. काच थंड ठेवायची असेल तर वॉशरला हात लावायचा नाही, आणि वॉशर वापरायचाच असेल तर आधी काच तापवायची. या दोन रीतींची सरमिसळ केली की नेमके तुमच्यासारखे होते.

टाकीत आधीचा उन्हाळी द्रव आहे का, हेही तपासा. त्यावर नवा द्रव ओतला तर मिश्रणाचा गोठणबिंदू बाटलीवरच्या आकड्यापेक्षा बराच वर येतो.

वाटसरू_पुणे
रसायनी, आपला अंदाज अचूक निघाला. आम्ही ही गाडी टेक्सासहून बदली होऊन आलेल्या एका गृहस्थांकडून घेतली होती. टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली दिसली, म्हणून मी थंडी सुरू होताना वरून थोडा निळा हिवाळी द्रव घातला आणि निश्चिंत झालो. आज टाकीतील थोडा द्रव वाटीत काढून रात्रभर बाहेर ठेवणार आहे.

केतकी_म्यूनिक
युरोपात राहणाऱ्यांसाठी एक भर घालते. मिथेनॉल विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने वॉशर फ्लुइडमधील त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली आहे. मे २०१९ पासून सर्वसामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या द्रवात ते वजनाने ०.६ टक्क्यांपेक्षा कमी असावे लागते. त्यामुळे इकडे इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा द्रव मिळतो. मिथेनॉलची बाटली ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवावी, कारण त्याचा थोडासा घोटही दृष्टी घालवू शकतो.

इकडच्या अनेक गाड्यांमध्ये समोरच्या काचेतच केसाहूनही बारीक तारा बसवलेल्या असतात. समोरची काच ही दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवतात आणि तारा त्या थराजवळ असतात. बटण दाबले की एक-दोन मिनिटांत बर्फ सुटतो. फोर्डने ही सोय युरोपात १९८० च्या दशकातच आणली. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती त्या तारांमुळे किंचित चमक दिसते आणि काही जणांना ती खुपते, पण मला तिची सवय झाली आहे.

चाकोरी
मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या व्यवसायात आहे. वायपरच्या पात्यांबद्दल लिहितो, कारण वरच्या सगळ्या चर्चेत दोष शेवटी त्यांच्यावरच येऊन थांबतो.

जुन्या धाटणीच्या पात्याला धातूचा सांगाडा आणि अनेक सांधे असतात. त्या सांध्यांत बर्फ अडकला की पाते काचेच्या वळणाप्रमाणे वाकत नाही, म्हणून मधला भाग पुसला जातो आणि दोन्ही टोके तशीच राहतात. हिवाळी पात्यावर या सांगाड्याला रबराचे वेष्टन असते, तर सांधेच नसलेले एकसंध पाते हा दुसरा पर्याय आहे. या दोहोंपैकी कोणतेही चालेल, पण रबर नवे असावे. अल्कोहोल लावलेल्या फडक्याने रबराची धार महिन्यातून दोनदा पुसली तर मिठाचा आणि तेलकट घाणीचा थर निघतो आणि पाणी फासले जाणे बरेच कमी होते.

दुसरे असे की काचेच्या तळाशी, बॉनेटच्या मागच्या कडेला जी जाळी असते, तिथूनच हीटरसाठी बाहेरची हवा आत येते. ती जाळी बर्फाने बुजली असेल तर डिफ्रॉस्टरचा जोर जातो, शिवाय पंखा ओला बर्फ आत ओढतो आणि काच आतून धुकटते. बहुतेक जण काच झाडतात आणि ही जाळी विसरतात. वायपर विसावतात तीही हीच जागा असल्याने इथला बर्फ पात्यांना पुन्हा पुन्हा लागत राहतो. काही गाड्यांत या पट्ट्याला तापवणाऱ्या तारा असतात आणि त्यांचे बटण मागच्या काचेच्या बटणातच जोडलेले असते. आपल्या गाडीत ही सोय आहे हे कित्येक मालकांना ठाऊकही नसते.

मृण्मयी_शिकागो
चाकोरी यांनी हवेचा विषय काढलाच आहे, तर आपल्याकडून आलेल्या चालकांच्या एका सवयीबद्दल लिहायलाच हवे. पुण्या-मुंबईत धूर आणि धूळ टाळण्यासाठी आपण आतलीच हवा फिरवण्याचे बटण कायम चालू ठेवतो. इथे आल्यावरही बोट आपोआप त्याच बटणाकडे जाते. मीही पहिले दोन महिने तसेच करत होते. चार माणसांचा श्वास, ओले बूट आणि पायपुसण्यांवर वितळलेला बर्फ यांचे सगळे बाष्प गाडीतच कोंडले जाते आणि थंड काचेवर आतून धरते. फार थंडीत ते आतल्या बाजूनेच गोठते. तो थर स्क्रेपरने काढणे अवघड असते आणि चालत्या गाडीत तर अशक्य.

खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात काच धुकटली की आपण एसी लावतो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. एसी हवेतील बाष्प काढून घेतो. पण शून्याच्या आसपास आणि त्याखाली बहुतेक गाड्यांचा कॉम्प्रेसर चालत नाही, म्हणून कडक थंडीत कोरडी हवा बाहेरूनच घ्यावी लागते. ते बटण बंद ठेवणे आणि गाडीत बसताना बूट एकमेकांवर आपटून बर्फ झाडणे, एवढ्यानेच माझा अर्धा त्रास संपला.

घाटमाथा
आता भारतातील अनुभव सांगतो. कामानिमित्त मी लेहला तीन हिवाळे राहिलो. महाराष्ट्रातून गाडी घेऊन येणाऱ्यांच्या वॉशरच्या टाकीत साधे पाणीच असते आणि मनालीपर्यंत कोणालाही त्याची आठवण होत नाही. रात्री ते टाकीत गोठते, नळ्या बुजतात आणि सकाळी बटण दाबले की पंप जळण्याची भीती असते. हिवाळ्यात निघण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून थंडीत न गोठणारा द्रव भरून घ्यावा. कूलंटचे मिश्रणही तपासून घ्यावे, कारण डिफ्रॉस्टरची उष्णता तिथूनच येते.

अटल बोगदा सुमारे ३,१०० मीटर उंचीवर असून ९.०२ किलोमीटर लांब आहे. २०२० साली तो खुला झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलकडे जाणाऱ्या पर्यटकांची संख्या पुष्कळ वाढली आहे. तो ओलांडताना काच आणि पाती कोरडी असावीत, यासाठी मी आत शिरल्यावर वायपर दोन-चार वेळा फिरवून बंद करत असे. ओल्या काचेने पलीकडच्या वाऱ्यात बाहेर पडलो की ती डोळ्यांदेखत गोठते. डिझेल इंजिन तापायला वेळ लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

निळाई
तापमान शून्याच्या वर, समजा ३ अंश सेल्सिअस असले, तरी महामार्गावरच्या विंड चिलमुळे काचेवर बर्फ धरू शकतो का?

रसायनी
नाही. विंड चिल हे उघड्या त्वचेतून उष्णता किती वेगाने जाते याचे माप आहे. वारा कितीही असला तरी कोरडी काच हवेपेक्षा थंड होत नाही, ती फक्त हवेच्या तापमानाला लवकर पोहोचते. ओल्या काचेवरून बाष्पीभवन होत असेल तर ती हवेपेक्षा थोडी थंड होऊ शकते आणि अल्कोहोलमुळे हा परिणाम वाढतो. निरभ्र रात्री उभ्या गाडीवर हवा शून्याच्या वर असतानाही दव गोठते, पण त्याचे कारण वारा नसून काचेची उष्णता आकाशाकडे निघून जाणे हे आहे.

अक्षरवेल
थोडे विषयाच्या कडेने लिहिते, पण हा प्रश्न किती जुना आहे ते यातून दिसते. अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी पाहिले की काचेवरच्या गारठ्यामुळे ट्रामच्या चालकाला काच उघडी ठेवूनच ट्राम चालवावी लागत होती. घरी परतल्यावर त्यांनी आतून दांड्याने फिरवता येईल असा रबरी पात्याचा वायपर तयार करवून घेतला आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्याचे पेटंट त्यांना मिळाले. १९०५ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने त्यात व्यापारी मूल्य नाही असे सांगून तो नाकारला. त्यांना त्या पेटंटमधून काहीही मिळाले नाही. ज्या कामासाठी आज आपण सगळे एवढे लिहितो आहोत, ते त्या काळीच एका बाईने बर्फ पाहून ओळखले, याचा मला फार आदर वाटतो.

ओंटारिओकर
हिमरेषा आणि सरोवरकाठ यांचे स्पष्टीकरण वाचून मी माझे मत दुरुस्त करतो. टोरोंटो परिसरात बर्फ बहुधा शून्याच्या जवळपास पडतो, म्हणून माझा नियम मला नेहमी बरोबर वाटत आला.

मात्र एका परिस्थितीबद्दल मी आग्रहाने लिहितो, ती म्हणजे फ्रीझिंग रेन. यातील थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहिलेले असतात आणि कशालाही स्पर्श होताच गोठतात. थंड काच इथे घातक ठरते. गरम काचही वायपरपर्यंतच साथ देते, कारण पाती, दांडे, आरसे आणि दिवे यांवर थर चढतच राहतो. आणि काच स्वच्छ राहिली तरी खालचा रस्ता काचेसारखा झालेला असतो. अशा दिवशी कोणताही द्रव किंवा कोणतेही पाते तुम्हाला वाचवू शकत नाही. निघू नये, आणि वाटेत गाठलेच तर पहिल्या एक्झिटला बाहेर पडावे.

चाकोरी
थांबण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. पाती साफ करण्यासाठी महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर उतरू नये. मागून येणाऱ्याची काचही तुमच्यासारखीच झाकलेली असते. एक्झिट घेऊन पेट्रोल पंपावर किंवा विश्रांतीस्थळी थांबावे. तिथे इंजिन चालू ठेवून बसायचे असेल तर मागची धुराची नळी बर्फात बुडलेली नाही ना, हे आधी उतरून पाहावे. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि त्याला वास नसतो.

मृण्मयी_शिकागो
छतावरचा बर्फही झाडूनच निघावे. आत ऊब झाली की त्याचा खालचा थर सुटतो आणि ब्रेक लावताच संपूर्ण लादी पुढच्या काचेवर घसरते. वेगात ती मागे उडाली तर दुसऱ्याची काच फोडते. न्यू जर्सीत बर्फ न झाडल्याबद्दल २५ ते ७५ डॉलर दंड आहे, पण दंड नसता तरीही ही आपली जबाबदारी आहे.

विद्युत्_वाट
इलेक्ट्रिक गाडीत इंजिन तापण्याची वाट पाहावी लागत नाही, हे मोठे सुख आहे. गाडी चार्जरला जोडलेली असतानाच मी फोनवरून काच तापवून घेतो, त्यामुळे बॅटरी खर्च होत नाही. वाटेत पल्ला वाचवण्यासाठी डिफ्रॉस्टर कमी करण्याचा मोह होतो, पण ओल्या बर्फात मी तो कधीही करत नाही. त्यापेक्षा एक चार्जिंग जास्त घेतो.

वाटसरू_पुणे
सर्वांचे मनापासून आभार. या शनिवारी आम्ही पुन्हा मॅडिसनला जाऊन आलो, म्हणून सविस्तर कळवतो.

वाटीतला द्रव उणे ९ अंशांनाच बर्फाच्या चुऱ्यासारखा झाला होता. मी टाकी पूर्ण रिकामी केली, उणे ४० चा द्रव भरला आणि एक गॅलनची बाटली डिकीत ठेवली. एकसंध पाती बसवली, बॉनेटमागची जाळी ब्रशने साफ केली आणि आतली हवा फिरवण्याचे बटण बंद आहे ना, हे पत्नीने स्वतः तपासले.

जाताना ८ अंश फॅरनहाइट होते आणि पुन्हा तसाच भुरभुरीत बर्फ होता. हिमरेषा यांनी सांगितल्याप्रमाणे काच थंड ठेवली, पायांकडे हवा सोडली आणि वायपर बंद केले. बर्फाचे कण काचेवरून अक्षरशः वाहत वर निघून जात होते आणि काच कोरडी राहिली. टोमाच्या पुढे, जिथे आय-९० येऊन मिळतो, तिथे मीठ टाकलेला रस्ता ओला होता आणि ट्रकच्या चाकांमधून उडालेला चिखल काचेवर आला. तेव्हा रसायनी यांचे ऐकून आधी काच तापवली, सात-आठ मिनिटांनी वॉशर वापरला आणि मॅडिसनपर्यंत ती गरमच ठेवली. त्या सात-आठ मिनिटांत मी डाव्या लेनमधून उजवीकडे येऊन वेग कमी केला आणि ट्रकपासून बरेच अंतर ठेवले.

रविवारी परतताना मात्र तापमान २९ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे शून्य सेल्सिअसच्या किंचित खाली, चढले होते आणि ब्लॅक रिव्हर फॉल्सजवळ पाऊस सुरू झाला. काच स्वच्छ होती, पण बाजूच्या आरशावर पारदर्शक थर चढताना पत्नीला दिसला. आम्ही पुढच्याच एक्झिटला बाहेर पडलो आणि रात्र तिथल्या मोटेलमध्ये काढली. सोमवारी मुलीची शाळा आणि माझी सकाळची मीटिंग दोन्ही चुकली.

ओंटारिओकर
फार चांगले केलेत. आरशाकडे लक्ष ठेवण्याची ही खूण मी इतक्या वर्षांत कधी शब्दांत सांगितली नव्हती. तो थर काचेच्या आधी तिथेच दिसतो.